बायकांना होत नाही म्हणे

बोळिंज,
९ ऑक्टोबर २००४

प्रिय हेमांगी,

काल फोनवर "कशी आहेस?" विचारलंस आणि मी "बरी" म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. फोन बैठकीत, बैठकीत तुझे बाबा, आणि बाबांच्या कानांचं अजून वय झालेलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी चांगली बातमी. तुझ्या दादाचं क्षयाचं औषध संपलं. शेवटची थुंकी स्वच्छ आली. परवा त्याने हट्टाने केळ्यांचा एक लोंगर स्वतः खांद्यावरून आणला आणि नंतर झोपाळ्यावर असा बसला की जणू गड सर करून आलाय. मी ओरडले, पण आत जाऊन हसलेसुद्धा. वर्षापूर्वी ह्याच माणसाला आपण दोघींनी धरून उठवलं होतं.

एचआयव्ही मात्र दोघांच्याही रक्तात आहेच, तो काही औषध संपलं म्हणून जाणारा नाही. लेकीचा, उन्नतीचा, रिपोर्ट चांगला आला त्या दिवसापासून मी देवाशी भांडण बंद केलंय. तुझ्या दादाशी अजून करते. टेम्पो घेऊन तो दोन-दोन दिवस बाजारात राहायचा, त्या दिवसांवरून. तो मान खाली घालून बसतो. मग मलाच भांडणाचा कंटाळा येतो आणि मी त्याला चहा देते.

आता खरा प्रश्न. तू पुण्यात रक्ताच्या प्रयोगशाळेत आहेस, तुला ठाऊक असेल. आजार दोघांना एकच. घर एक, खोली एक, हवा एक. वर्षभर तो माझ्या शेजारी खोकत होता. मग क्षय त्यालाच का झाला? मला का नाही?

बाबांकडे उत्तर तयार आहे. "आमच्या घराण्यात क्षय रक्तातच आहे. माझे वडील त्यातच गेले, थोरला भाऊ गेला, माझा केयूर जाता जाता राहिला. सूनबाई परक्या रक्ताची. तिला कसा होईल?" हे ते अशा थाटात सांगतात, की जणू क्षय म्हणजे वाडीचा सातबारा, वाडवडिलांकडून आलेला!

खरं काय ते कळव. सुकेळ्यांसाठी राजेळी केळी पिकायला ठेवलीत. तुझा वाटा वेगळा काढेन.

तुझी,
प्रमोदिनी


पुणे,
२१ ऑक्टोबर २००४

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी डबा खाताना वाचलं आणि डबा तसाच राहिला. तू जो प्रश्न विचारलास, त्याच प्रश्नावर आमच्या मॅडमचं अख्खं काम चाललंय, आणि मी दोन वर्षं त्यासाठीच नळ्या धुते आहे!

ऐक. क्षयाचे जंतू आपल्याकडे पुष्कळांच्या अंगात असतात, पण निजलेले. अंगाची ताकद शाबूत असली तर जन्मभर उठत नाहीत. एचआयव्ही ती ताकद खातो, मग ते उठतात. पण गंमत अशी, की सगळ्यांच्यात उठत नाहीत. म्हणून आम्ही एचआयव्ही असलेल्या माणसांचे दोन गट केलेत: क्षय झालेले आणि न झालेले. दोन्हीकडचं रक्त घेऊन बघायचं, जन्मतःच काही फरक आहे का.

फरक असतो तो असा. केळीच्या बुंध्याशी फुटणारा मुनवा म्हणजे आईचीच हुबेहूब प्रत. माणसाचं तसं नाही. अर्धं आईचं, अर्धं बापाचं, तेही दर मुलाला पत्ते पिसून वेगळं. त्यामुळे जंतूंशी लढायची रीत प्रत्येकाची थोडी निराळी. दुसरं म्हणजे, क्षय पुरुषांना जास्त होताना दिसतो. विडी, दारू, कोंदट जागी काम, ही कारणं आहेतच. पण आमच्या पहिल्या तपासणीत असंही वाटतंय, की रक्तातली एखादी जन्मजात खूण पुरुषात जितका फरक पाडते तितका बाईत पाडत नाही. अजून काही पक्कं नाही हं! मॅडम तर म्हणतात, "एवढ्यात कुठे बोलू नका."

बाबांना सांग, आजोबा ज्या खोलीत खोकत होते त्याच खोलीत काका झोपायचे. यात रक्ताचा दोष किती आणि बंद खिडक्यांचा किती, हे त्यांनीच ठरवावं.

पान संपलं, म्हणून हे कडेला उभं लिहितेय, मान वाकडी करून वाच. कमी म्हणजे नाही असं नव्हे. एचआयव्ही असताना धोका तुलाही आहे, बाई असलीस तरी. शिवाय बायका तपासायलाच उशिरा येतात, म्हणूनही त्यांचा आकडा कमी दिसत असेल. खोकला, ताप, वजन, तिन्हीकडे लक्ष ठेव.

सुकेळी विसरू नकोस.

तुझी,
हेमांगी


बोळिंज,
१७ नोव्हेंबर २००४

प्रिय हेमांगी,

तुझ्या पत्राने घरात दिवाळी लांबली म्हण ना!

मी ते बाबांना वाचून दाखवलं. खिडक्यांचं वाक्य त्यांना ऐकू आलं नाही (त्यांचे कान असे सोयीचे आहेत), पण बाकीचं नीट आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "बघ, शास्त्रानंही तेच सांगितलं. एक तर परकं रक्त, त्यात बाईमाणूस. सूनबाईला काळजी नाही." तेव्हापासून येईल-जाईल त्याला सांगतात, "क्षय बायकांना होत नाही म्हणे. आमची हेमांगी पुण्यात त्याचंच संशोधन करते." आजाराचं नाव घरातून बाहेर जाऊ नये म्हणून ज्यांनी वर्षभर दारं लावून घेतली, त्यांच्या तोंडी आता हे भाषण!

मला मात्र खरंच बरं वाटलं. अंगात बळ आल्यासारखं झालं. तुझ्या दादाला मी अवजड कामाला हात लावू देत नाही. पाणी मी सोडते, पानवेल मी बघते, बाजाराचा माल मीच भरून देते. सुकेळी वाळवायचे मांडवही यंदा मीच घातले. दिवसभर उन्हात बसून माशा-कावळे हाकलायचे, संध्याकाळी केळी झाकायची. ओरडून ओरडून घसा बसलाय. एक फायदा झाला, लग्नातली पोलकी पुन्हा अंगात जातात. उन्नती म्हणते, "आई, तू नवरीसारखी बारीक झालीस."

शेजारची मेरी, अंगणवाडीतली, काल कुंपणावरून म्हणाली, "प्रमोदिनीबाई, एकदा दवाखान्यात जाऊन या." मी म्हटलं, "अगं, मला काही होत नाही, मला शास्त्राचं प्रशस्तिपत्रक आहे."

सुकेळी मधासारखी झालीत. पार्सल पाठवतेय. एकटीने खाऊ नकोस, मॅडमनाही दे.

तुझी,
प्रमोदिनी


पुणे,
३ डिसेंबर २००४

प्रिय वहिनी,

सुकेळी मॅडमनी एवढी खाल्ली की माझ्या वाट्याला वास आला.

पण मला एक सांग. पत्राच्या कडेला मी जे उभं लिहिलं होतं, ते वाचलंस का? खरं सांग. आणि ही पोलकी कशी काय अंगात जायला लागली? वजन किती? ताप येतो का संध्याकाळचा? घसा बसून किती दिवस झाले? उत्तर ताबडतोब हवं. बाबांच्या भाषणावर जाऊ नकोस, बाबांना मी नंतर बघते.

हेमांगी


बोळिंज,
७ जानेवारी २००५

चि. हेमांगी हिस नरहरीचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझी वहिनी तुझ्या पत्राचे उत्तर देते-देते म्हणते आणि कामास लागते. तेव्हा म्हटले, आपणच चार ओळी लिहाव्या.

येथील सर्व क्षेम. केयूर सुधारला. वाडी उत्तम. पलीकडच्या दोन वाड्या बिल्डराने घेतल्या, मलाही विचारून गेला. मी त्यास केळी खाऊ घालून परत पाठविले.

विशेष लिहिण्याचे म्हणजे तुझी वहिनी. अशी सून मिळण्यास भाग्य लागते. गेला महिनाभर खोकला आहे, संध्याकाळी अंग तापते, रात्री घामाने चादर भिजते असे केयूर म्हणतो, पण कामात खंड नाही. मानेस सुपारीएवढी गाठ आली आहे, त्यावर पदर घेते आणि मांडवाखाली जाऊन बसते. केयूर दवाखान्यात चल म्हणून मागे लागला होता. ती म्हणाली, "हेमांगीनं लिहिलंय, बायकांना होत नाही." मीही म्हटले, शास्त्र आहे, उगाच शंका नको. तुझ्या अभ्यासाचा घरास असा उपयोग झाला, याचे समाधान वाटते.

जेवण हल्ली कमी झाले आहे तिचे, एवढेच. तुझ्या ओळखीत भुकेचे एखादे टॉनिक असल्यास कळवावे.

तुझा बाप,
नरहरी


पुणे,
११ जानेवारी २००५

वहिनी,

बाबांचं पत्र आत्ता मिळालं. टॉनिक नाही, मी येतेय. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी दारात असेन. तू आंघोळ करून, साडी नेसून तयार राहा. आपण दवाखान्यात जाणार आहोत. नाही म्हणालीस तर रिक्षात उचलून घालीन, तेवढी तू आता हलकी झाली असशीलच.

आणि हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव: बायकांना क्षय होतो. बायकांना क्षय होतो. बायकांना क्षय होतो.

हेमांगी


बोळिंज,
६ मार्च २००५

प्रिय हेमांगी,

आज बसून लिहिण्याइतकं बळ आहे, म्हणून पहिलं पत्र तुला.

तू थुंकीचे दोन्ही रिपोर्ट स्वच्छ बघून पुण्याला परत गेलीस, तेव्हा मला वाटलं, चला, सुटले! तुझ्यासमोर म्हटलं नाही, पण मनात म्हणाले, "बघ, उगाच धावत आली." तू डॉक्टरांना सांगून गेली होतीस म्हणून त्यांनी मानेच्या गाठीत सुई घातली. चार दिवसांनी बोलावलं. तुझा दादा बरोबर होता. डॉक्टर म्हणाले, "गाठीचा क्षय आहे. एचआयव्हीत थुंकी पुष्कळदा स्वच्छ येते, म्हणून फसायला होतं. बरा होईल, पण आणखी दोन महिने काढले असते तर कठीण होतं."

रडू नाही आलं. राग आला. कुणावर ते कळेना. घरी येऊन तुझं ऑक्टोबरचं पत्र काढलं आणि मान वाकडी करून कडेचं वाचलं. पहिल्यांदा नाही हं. मी ते तेव्हाही वाचलं होतं. बाबांना वाचून दाखवताना गाळलं.

का, ते तुलाच सांगते. ह्या घरात मी अकरा वर्षं आहे. पानवेल कशी बांधायची इथपासून सगळं मला तुमच्याकडून शिकावं लागलं. तुझ्या दादामुळे आजार आला तोही तुमच्याकडूनच. आणि एक दिवस बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, की सूनबाईचं रक्त आमच्याहून चांगलं. हेमांगी, त्या एका गोष्टीचा मला इतका मोठेपणा वाटत होता! खोकला आला की वाटायचं, हा क्षय असला तर मग माझ्याकडे राहिलं काय? म्हणून तो घसा बसल्याचा खोकला झाला.

तुझ्या दादाला हे सांगितलं. त्याने माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "तुझ्याकडे राहिलं काय म्हणतेस? हे घर चालतंय ते कुणामुळे?" आणि आत जाऊन पेज घेऊन आला. खारट झाली होती. मी सगळी प्याले.

आता हसण्यासारखं सांगते. क्षयाच्या गोळ्या दुसऱ्याने डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या असतात, आणि तो घरचा माणूस चालत नाही. डॉक्टरांनी मेरीचं नाव सुचवलं. बाबा कडाडले, "म्हणजे अख्ख्या गावाला कळणार!" मेरी अंगणात उभी होती. म्हणाली, "नरहरीकाका, अख्ख्या गावाला पावसाळ्यापासून माहीत आहे. तुम्हीच तेवढे लपवताय. आम्ही विचारत नव्हतो, कारण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." बाबा मटकन झोपाळ्यावर बसले. त्यांना धक्का कशाचा बसला म्हणशील, तर एवढं दार लावून ठेवलं ते फुकट गेलं याचा!

मेरी दिवसाआड मला समोर बसवून गोळ्या देते. सुरुवातीला उलट्या व्हायच्या, ती डोकं धरायची. गेल्या आठवड्यात तिने बाबांना पकडलं. तिचा दीर फेबियन, त्यालाही क्षय, पण गोळी बघितली की पळतो. तो मेरीच्या घरचा, म्हणून मेरी त्याला देऊ शकत नाही. "तुम्ही द्या ना काका. तुमचा आवाज ऐकून तरी गिळेल." बाबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी फेबियनच्या घरून त्याला दंडाला धरून घेऊन आले आणि ओट्यावर बसवून म्हणाले, "आ कर."

गिळली त्याने!

एचआयव्हीच्या औषधांसाठीही मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नाव घातलंय, दोघांचं. ती आता फुकट मिळतात. आधी क्षयाच्या गोळ्या अंगाला मानवू देत, मग तीही सुरू करू म्हणाले.

तू आली नसतीस तर, हे वाक्य मी पुरं करणार नाही.

तुझी,
प्रमोदिनी


पुणे,
२४ मार्च २००५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी मॅडमना दाखवलं. रागावू नकोस, नाव-गाव झाकून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हेमांगी, आपल्या 'क्षय नाही' गटात बायका किती? त्यांना क्षय नाही हे आपल्याला कुणी सांगितलं?"

आम्ही काय केलं होतं, ते तुला सांगते. थुंकी स्वच्छ आणि बाई म्हणते मी बरी आहे, की टाक तिला 'नाही' गटात. तुझ्यासारख्या बायका खोकल्यावर पदर घेऊन बसणार, आणि आम्ही त्यांचं रक्त तपासून म्हणणार, बायकांचं रक्तच निराळं! मॅडमनी त्या सगळ्या बायकांना पुन्हा बोलावलं. माना, बगला, वजन, छातीचा फोटो, सगळं नव्याने. दोघींना निघाला, वहिनी. एक तर स्वतः नवऱ्याला औषध द्यायला यायची. दोघींचं औषध सुरू झालं.

म्हणून बायका-पुरुषांत फरक नाहीच असं नव्हे. तो असावा, आणि रक्तातही काही असावं. फक्त किती, ते आता पहिल्यापासून मोजावं लागणार. मॅडमचं लिखाण वर्षभर लांबलं. त्या वैतागल्या असतील म्हणून मी घाबरत गेले, तर मला म्हणतात, "ती सुकेळीवाली बरी आहे ना?"

फेबियनला 'आ कर' म्हणणारे बाबा मला डोळ्यांसमोर दिसतात आणि मी इथे एकटी हसते. खोलीतल्या मुलींना वाटतं, मी प्रेमात पडलेय.

आणि मोठेपणाचं म्हणशील, तर तुझं रक्त चांगलं की आमचं, हे मला शास्त्रानेही सांगता येणार नाही. तू चांगली आहेस, एवढं बिनतपासणीचं सांगते.

तुझी,
हेमांगी


बोळिंज,
३ सप्टेंबर २००५

प्रिय हेमांगी,

गणपती तोंडावर आलेत आणि घरात कामाचा डोंगर आहे, तरी कालचं आजच सांगितलं नाही तर मला चैन पडायची नाही.

क्षयाच्या गोळ्या संपल्या. गाठ बोटालासुद्धा लागत नाही. एचआयव्हीच्या गोळ्या तू गेल्या खेपेला पाहिल्यासच. त्या आम्ही दोघं समोरासमोर बसून घेतो. त्याची राहिली तर मी ओरडते, माझी राहिली तर तो. लग्नात एकमेकांना घास भरवला होता, त्याहून हे जास्त मनापासून चालतं.

तुझ्या बाबांकडे आता फेबियन धरून पाच जण येतात. ओट्यावर पाण्याचा माठ, पेले, गोळ्यांचे खोके. सकाळी पूजा आटोपून ते तिथे बसतात. खोलीच्या खिडक्या त्यांनी सुताराकडून मोठ्या करून घेतल्या. कुणी सुचवलं, ते विचारलं तर ऐकू येत नाही.

काल चांदीप गावाकडची एक मुलगी आली. वीस-एकवीसची, मेरीने धाडलेली. नवऱ्याला दोन्ही आजार. तिलाही एचआयव्ही, पण खोकला 'असाच' म्हणत होती. ओट्याच्या पायरीवर बसली, वर चढेना. बाबांनी विचारलं, "खोकला किती दिवस?"

"हाय थोडा. पन मला नाय व्हायचं ना काका? बाप्यांनाच होतो, म्हनतात."

मी आत वाटण वाटत होते. माझा हात थांबला. बाबा काय बोलतात म्हणून कान दिला, तर बाबा गप्प. त्यांना बोलता येत होतं गं, पण ते दाराकडे बघत होते. माझी गोष्ट माझ्या परवानगीशिवाय सांगायची नाही, म्हणून थांबले होते. हे मला कळलं आणि मी तशीच, हाताला नारळ लागलेला, बाहेर आले.

ओट्यावर फेबियन होता, आणखी दोघं होते, कुंपणापाशी केळी न्यायला आलेला माणूस होता. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, मला झाला होता. मानेत, इथे. मलाही तुझ्यासारखाच एचआयव्ही आहे. मीही म्हणत होते, बायकांना होत नाही. उद्या सकाळी ये, आपण दोघी जाऊ तपासायला."

हेमांगी, हे मी माझ्या तोंडाने बाहेरच्या माणसांसमोर पहिल्यांदा बोलले. केळीवाल्याने लोंगर खाली ठेवला. ती मुलगी मला खालपासून वरपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली,

"मंग तुमी एवढ्या जाड कशा?"

आधी फेबियन हसला. मग बाबा. असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तुझा दादा वाडीतल्या पंपावरून धावत आला, काय झालं म्हणून. मी सांगायचा प्रयत्न करते, तर मलाही हसू आवरेना. शेवटी ती मुलगीही हसली, आणि पायरी चढून वर येऊन बसली.

आज सकाळी ती आली होती. आम्ही जाऊन आलो.

गणपतीला ये. आणि येताना, जाड बाईला बसेल असा एक परकर घेऊन ये.

तुझी,
प्रमोदिनी